स्पेशल जज्ज माधवराव रानडे

महादेव गोविंद रानडे यांचें नांव घेतलें कीं सुशिक्षित मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें प्रार्थनासमाज, सामाजिक परिषद, वसंत व्याख्यानमाला, सार्वजनिक सभा आणि मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरील त्यांचा ग्रंथ अशी एक मालिकाच उभी राहते. ‘न्यायमूर्ति’ ही पदवी तर त्यांच्या नांवाला इतकी घट्ट चिकटली आहे कीं ती त्यांना आरंभापासूनच होती असें वाटावें. वस्तुतः मुंबईच्या हायकोर्टाच्या न्यायासनावर ते १८९३ च्या नोव्हेंबरांत बसले आणि १६ जानेवारी १९०१ रोजीं त्यांचें देहावसान झालें; म्हणजे हा काल सुमारें सात वर्षांचाच. त्यापूर्वीं जवळ जवळ तितकींच वर्षें पुण्यास राहून त्यांनीं जें काम केलें त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाहीं. तें काम होतें ‘स्पेशल जज्जा’चें. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकरी आणि सावकार यांच्यामध्यें जे दावे चालत, त्या सर्वांवर देखरेख करणाऱ्या खात्याचें हें नायकत्व होतें. सरकारनें एखाद्या व्यवहाराचें नियमन करावयाचें ठरविलें म्हणजे त्या खात्याच्या न्यायाधिकाऱ्यानें नेमकें काय करावयाचें असतें, या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासांत या पदाइतकें स्पष्ट क्वचितच सांपडेल.

हें पद निर्माण होण्यास कारण झाला एक दंगा. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील भीमथडी तालुक्यांत सुपें या बाजारच्या गांवीं आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि त्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. पाहतां पाहतां हें लोण पुणें व नगर या दोन जिल्ह्यांतील अनेक गांवांत पोंचलें. या दंग्याचें एक लक्षण त्या वेळच्या अधिकाऱ्यांनाही चमत्कारिक वाटलें. मनुष्यहानि जवळ जवळ झाली नाहीं. लोकांनीं मागितलें तें सोनें नाणें नव्हे. मागितले ते कागद. कर्जरोखे, गहाणखतें, हुकूमनामे हातीं आले कीं ते तेथेंच जाळावयाचे आणि निघून जावयाचें, अशी एकंदर रीति होती. सावकारानें कागद मुकाट्यानें दिले तर त्याच्या अंगास बहुधा हात लागत नसे. त्याच्या आधीं कांहीं महिने, १८७४ च्या डिसेंबरांत, शिरूर तालुक्यांतील करडे गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला होता. न्हाव्यानें त्यांची हजामत करूं नये, पाणक्यानें पाणी भरूं नये, असा गांवाचा ठराव होता. बहिष्कारानें कागद नाहींसे होत नाहींत हें ध्यानांत आल्यावर विस्तवाचा प्रयोग झाला.

कागदांवर इतका राग कां? पेशवाईंतही सावकार होते आणि कर्जेंही होतीं. परंतु त्या काळीं सावकाराला आपलें येणें बहुधा स्वतःच्या तगाद्यावर, धरणें धरण्यावर आणि गांवच्या पंचांवर विसंबून वसूल करावें लागे. रयतेला अगदींच पिळून काढलें तर ती परागंदा होईल आणि मुद्दलही जाईल, ही भीति त्याच्या हाताला आवर घालीत असे. इंग्रजी अमलांत दोन गोष्टी नव्या आल्या. १८३६ सालीं इंदापूर तालुक्यापासून आरंभ झालेल्या जमीनमोजणीच्या नव्या पद्धतीनें खातेदाराला आपली जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा मोकळा हक्क मिळाला. हेतु चांगला होता; परंतु तारण देण्याजोगी वस्तु हातीं आली म्हणजे तारण मागणारा दारीं उभा राहतोच. दुसरी गोष्ट दिवाणी कोर्टांची. सावकारानें खत दाखवावें, मुन्सफानें हुकूमनामा द्यावा, बेलीफानें जप्ती करावी, आणि लिलांवांत तीच जमीन बहुधा त्याच सावकारानें घ्यावी, असा सरळ रस्ता तयार झाला. पूर्वींचा तगादा सावकार स्वतःच्या बळावर करी. आतां तो सरकारच्या शिक्क्यानें होऊं लागला.

यांतच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. साध्या कर्जरोख्यावरील दावा तीन वर्षांच्या आंत आणला पाहिजे असा त्या कायद्याचा दंडक होता. जुनीं, विसरलेलीं येणीं उकरून काढून लोकांस छळूं नये, हा त्याचा उद्देश. पण खेड्यांत त्याचा परिणाम अगदीं उलट झाला. मुदत संपत आली कीं सावकार कुळाला बोलावी आणि दोन गोष्टी पुढें ठेवी: फिर्याद किंवा नवें खत. कूळ नवें खत लिहून देई, आणि त्या खतांत व्याजाचें मुद्दल होई. एक साधें उदाहरण घ्यावें. शेंकडा दरमहा दोन रुपये व्याजानें शंभर रुपये काढले आणि एक पैही परत दिली नाहीं, तर तीन वर्षांनीं १७२ रुपयांचें खत होतें. पुन्हा तीन वर्षांनीं तें २९६ रुपयांचें होतें, नऊ वर्षांनीं ५०९ रुपयांचें आणि बारा वर्षांनीं ८७५ रुपयांचें. सरळ व्याजानें हाच आंकडा ३८८ झाला असता, आणि व्याज मुद्दलापेक्षां अधिक होऊं नये हा जो दामदुपटीचा जुना हिंदु नियम, त्याप्रमाणें पाहिलें तर २०० च्या पुढें गेलाच नसता. यांत मनोतीचे पैसे आधींच कापून घेणें, धान्य सवाईनें किंवा दिढीनें फेडून घेणें, आणि मिळालेल्या वसुलाची पावती न देणें, या गोष्टी धरलेल्याच नाहींत. कोर्टापुढें येई तें फक्त शेवटचें खत. त्याच्या पोटांत आधींचीं तीन खतें जिरलेलीं आहेत हें विचारण्याचें मुन्सफाला कारण नसे; सही कुळाची आहे एवढें सिद्ध झालें कीं पुरे. आणि बहुतेक वेळां तेंही सिद्ध करावें लागत नसे, कारण प्रतिवादी कोर्टांत हजरच राहत नसे. पंचवीस तीस मैलांवरील तालुक्याच्या गांवीं चार दिवस मोडून जाणें, वकील देणें, आणि इतकें करून जी सही आपलीच आहे ती आपली नाहीं असें तर म्हणतां येत नाहीं! हुकूमनामे एकतर्फी होत ते यामुळेंच.

अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाचा भाव चढला होता. त्या भरांत सावकारांनींही हात सैल सोडला होता. युद्ध संपलें, भाव कोसळला, सावकारानें हात आंखडला. आणि नेमकी त्याच सुमारास मोजणीची तीस वर्षांची मुदत संपून पुष्कळ तालुक्यांत सरकारनें जमीनधारा चढविला. अशा स्थितींत सुप्याचा दंगा झाला. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. त्यानें तपासलेल्या गांवांत सुमारें एक तृतीयांश खातेदार कर्जांत बुडालेले आढळले, आणि त्यांचें कर्ज सरासरीनें त्यांच्या साऱ्याच्या अठरा पट भरलें. त्यानंतर लगेच १८७६ व १८७७ चा भयंकर दुष्काळ आला, आणि १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडक्यांचें बंड झालें. त्याच वर्षाच्या अखेरीस, ‘डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट’ म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा १८७९ चा सतरावा कायदा या चार जिल्ह्यांत लागू झाला.

करार पवित्र आहे आणि दोन शहाण्या माणसांनीं सह्या केल्यावर कोर्टानें मध्यें पडूं नये, या तत्त्वावर त्या काळचा सारा इंग्रजी कायदा उभा होता. नव्या कायद्यानें शेतकऱ्यापुरतें हें तत्त्व बाजूला ठेविलें. दावा आला म्हणजे मुन्सफानें केवळ शेवटचें खत पाहूं नये. रकमेबद्दल वाद असेल तर वादी व प्रतिवादी दोघांच्याही जबान्या घ्याव्या, व्यवहाराला आरंभ झाला त्या दिवसापासूनचा इतिहास शोधावा, मुद्दल निराळें व व्याज निराळें मांडावें, आणि व्याजावर व्याज धरूं नये. कुळानें सगळी रक्कम कबूल केली तरीही प्रश्न संपत नसे. ही कबुली खरी आहे आणि आपले कायदेशीर हक्क पूर्णपणें जाणून ती दिलेली आहे, अशी मुन्सफाची खात्री झाली पाहिजे, आणि त्या खात्रीचीं कारणें त्यानें लिहून ठेविलीं पाहिजेत! याखेरीज पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं शेतकऱ्याला कैदेंत टाकावयाचें नाहीं. जी जमीन स्पष्टपणें गहाण लिहून दिलेली नाहीं ती जप्त करावयाची नाहीं. फेड हप्त्यांनीं करून द्यावी. दाव्याची मुदत वाढवावी, म्हणजे दर तीन वर्षांनीं खत बदलण्याची सबब राहणार नाहीं. सावकारानें पावती द्यावी व मागितल्यास हिशेबाचा उतारा द्यावा. जरूर तर गरीब कुळासाठीं कोर्टानेंच वकील नेमावा. आपला हिशेब करून द्या असा दावा कूळ आपण होऊनही लावूं शके.

एवढें सगळें अमलांत आणावयाचें तर माणसें पाहिजेत. कायद्यानें एक नवी उतरंड रचली. तळाशीं गांवचा रजिस्ट्रार: शेतकऱ्यानें लिहून दिलेलें खत त्याच्यासमोर झालें पाहिजे, म्हणजे अडाणी माणसाला मजकूर वाचून दाखविला जाईल. त्याच्या शेजारीं गांवचा मुन्सफ: दहा रुपयांपर्यंतचे दावे त्यानें गांवांतच निकालांत काढावे. मग ‘कन्सिलिएटर’ म्हणजे तडजोडीचा पंच: त्याच्याकडे जाऊन तडजोड होत नाहीं असा दाखला आणल्याशिवाय सावकाराला कोर्टाची पायरी चढतां येऊं नये, अशी योजना होती. त्यावर तालुक्याचा सबजज्ज. आणि या सर्वांच्या माथ्यावर, चार जिल्ह्यांसाठीं एक, स्पेशल जज्ज व त्याचे मदतनीस.

या माथ्याची गरज कां पडली, हें समजल्याखेरीज रानड्यांच्या कामाचें मर्म कळणार नाहीं. या कायद्याखालील दाव्यांतून अपिलाचा हक्क काढून घेण्यांत आला होता. वरवर पाहतां हें गरिबाच्या विरुद्ध वाटतें. परंतु त्यांतली मेख अशी कीं अपील हें ज्याच्या गांठीं पैसा आहे त्याचें हत्यार. सबजज्जानें व्याज कापलें तर सावकार जिल्ह्यापर्यंत जाईल, जरूर पडल्यास मुंबईपर्यंतही जाईल. शेतकरी मात्र मुन्सफाच्या कोर्टांत आला हेंच पुष्कळ. म्हणून अपील बंद. पण अपील बंद केल्यावर सबजज्जाची चूक सुधारावयाची कोणीं? कायद्यानें उत्तर दिलें तें तपासणीचें. वरिष्ठ न्यायाधिकाऱ्यानें कोणत्याही दाव्याचे कागद स्वतः मागवावे, निकाल कायद्यास धरून व योग्य झाला आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि जरूर तर तो फिरवावा. त्यासाठीं कोणी अर्ज केलाच पाहिजे असें नाहीं. अपिलांत न्यायाधीश आसनावर बसून राहतो आणि दाद मागणारा त्याच्याकडे चालत येतो. तपासणींत न्यायाधीशच चालत जातो. ज्याला दाद मागणें माहीतही नाहीं, त्याच्यापर्यंत न्याय पोंचविण्याचा दुसरा मार्ग त्या काळीं नव्हता.

या पदावर रानडे आले कसे, तोही इतिहास मनोरंजक आहे. १८७१ सालीं ते पुण्यास पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून आले. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सर्वांचे सार्वजनिक काका, यांच्याशीं त्यांचें सख्य जमलें. सभेनें रयतेच्या स्थितीची पाहणी केली, दुष्काळाच्या हकीकती सरकारपुढें मांडल्या. सरकारी कोर्टाबाहेर तंटे मिटविण्यासाठीं लवाद कोर्टही पुण्यांत निघालें. सरकारी नोकर असूनही या चळवळीचा मेंदू कोण आहे, हें सरकारला ठाऊक होतें. १८७८ सालीं रानड्यांची बदली नाशिकास झाली. पुढच्या वर्षीं फडक्यांच्या बंडाच्या धामधुमींत, मे महिन्यांत, पुण्यांतील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या, आणि संशयाच्या त्या वातावरणांत रानड्यांना आणखी दूर, धुळ्यास धाडण्यांत आलें. तेथें त्यांच्या पत्रांवर नजर होती. असा हा संशयित मनुष्य दोन वर्षांच्या आंत, १८८१ सालीं, सरकारनेंच परत पुण्यास आणला, आणि काम दिलें तें शेतकऱ्यांच्या कर्जाच्या कायद्याचें. डॉ. पोलन हे त्या वेळीं स्पेशल जज्ज होते. त्यांचे मदतनीस म्हणून पुणें व सातारा या जिल्ह्यांतील कोर्टांची तपासणी रानड्यांकडे आली. पुढें १८८४ पासून ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश होते, १८८६ सालीं हिंदुस्थान सरकारच्या फिनॅन्स कमिटीवर गेले, आणि १८८७ सालीं डॉ. पोलन यांच्या जागीं स्पेशल जज्ज झाले. ज्या कायद्याची उमेदवारी त्यांनीं हाताखालीं राहून केली होती, त्याच्या सर्व यंत्राची किल्ली आतां त्यांच्या हातीं आली.

हें काम पुण्यांतील कचेरींत बसून होण्याजोगें नव्हतें. वर्षांतले कित्येक महिने फिरतीचे. सोलापूरकडे आगगाडी १८६० पासून होती. नगरला १८७८ पासून दौंड मनमाडच्या फांट्यानें जातां येई. साताऱ्याकडे मात्र रानड्यांच्या पहिल्या खेपेच्या वेळीं रूळ पडलेले नव्हते. कात्रज आणि खंबाटकी हे घांट चढूनच जावें लागे. आगगाडीच्या रस्त्यावर नसलेलीं तालुक्यांचीं गांवें तर चारी जिल्ह्यांत होतीं. धमणी, बैलगाड्या, तंबू, बरोबर कारकून व दप्तर, असा हा संसार गांवोगांव हाले. रमाबाई रानडे पुष्कळदां बरोबर असत. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकांत या फिरतीच्या दिवसांचें वर्णन आलें आहे. पुण्यांत शाळा, सभा, संपादकांच्या बैठका आणि वादविवाद यांच्या गर्दींत असणारा हा पुरुष वर्षाचा मोठा भाग मोडींतील कर्जखतें आणि चोपड्यांचे उतारे वाचण्यांत घालवीत होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्राच्या वाचकानें विसरूं नये. त्यांच्या अर्थशास्त्रीय निबंधांना जें वजन आहे त्याचें मूळ या दप्तरांत आहे.

तपासणी म्हणजे नेमकें काय? तालुक्याच्या कोर्टाची नोंदवही उघडावी. किती दावे आले, किती एकतर्फी निकालांत निघाले, किती ठिकाणीं प्रतिवादीची जबानी झाली? मुन्सफानें व्यवहाराचा इतिहास खरोखर शोधला, कीं ठराविक चार ओळी लिहून शेवटचें खतच मान्य केलें? जेथें कबुलीवर हुकूमनामा दिला, तेथें कबुली समजून दिली होती याचीं कारणें लिहिलीं आहेत काय? हप्ते बांधून दिले ते पिकाचा हंगाम पाहून, कीं केवळ रकमेचे भाग पाडून? हे प्रश्न दिसावयास रुक्ष आहेत. परंतु शेतकऱ्याची जमीन वांचते किंवा जाते ती याच प्रश्नांच्या उत्तरावर. कायदा करणाऱ्यांनीं शिमल्यास बसून ‘इतिहास शोधावा’ असें म्हटलें. पण ज्या मुन्सफापुढें दाव्यांचा ढीग पडला आहे, आणि ज्याची सारी विद्या ‘खत सिद्ध झालें, हुकूमनामा द्यावा’ या वळणाची आहे, तो आपण होऊन शोधावयास लागेल कसा? आपला निकाल कोणीतरी वाचणार आहे हें कळलें म्हणजेच तो शोधूं लागतो. अनेक कोर्टांतील अनेक न्यायाधीशांना एकाच हिशेबानें चालावयास लावणें, दाखले देणें, चुकला निकाल फिरविणें, आणि वर्षाअखेर सरकारपुढें साऱ्याचा अहवाल ठेवणें, हें स्पेशल जज्जाचें काम. हायकोर्टाच्या न्यायाधीशाचें नांव कायद्याच्या पुस्तकांत राहतें. असल्या तपासनिसाचें काम मात्र दुसऱ्याच्या निकालांत मिसळून जातें.

या कायद्यावर टीकेचा भडिमार दोहों बाजूंनीं झाला. सावकार म्हणत, सही केलेल्या कराराची किंमत राहिली नाहीं, तेव्हां आम्ही पैसा द्यावा कोणाच्या भरंवशावर? आणि या ओरडीत तथ्य मुळींच नव्हतें असें नाहीं. कायदा कडक झाला तशी कांहीं ठिकाणीं कर्जाची सोयही आंखडली. दुसरीकडे चतुर सावकारांनीं पळवाटा काढल्या. गहाणाचा हिशेब कोर्ट उकरतें काय? मग गहाणखत नकोच. सरळ खरेदीखत लिहून घ्यावें आणि ‘पैसे आणून दे, जमीन परत देईन’ असें तोंडानें सांगावें. लेखाच्या विरुद्ध तोंडी पुरावा घ्यावयाचा नाहीं हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचा नियम अशा वेळीं सावकाराच्या पाठीशीं उभा राहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं कर्जनिवारणाच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन, खरेदी वस्तुतः गहाणच होती असें दाखविण्याची मोकळीक कुळाला देण्यांत आली. पण तोंवर पुष्कळ जमिनी या वाटेनें गेल्या होत्या. तडजोडीच्या पंचांचीही तीच गत. पंचासमोर झालेल्या कबुलायतीला हुकूमनाम्याचें बळ असे. तेव्हां कोर्टाची चौकशी टाळावयाची असल्यास कुळाला पंचापुढें नेऊन कबुलायत करून घेणें हाच सोपा मार्ग, हें सावकाराच्या लवकरच ध्यानांत आलें. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठीं बांधलेल्या कुंपणाच्या फटकांतूनच अशा रीतीनें वाट पडली. या साऱ्या कारभाराची चौकशी करण्यासाठीं १८९१ सालीं सरकारला पुन्हा कमिशन नेमावें लागलें.

रानड्यांची थोरवी अशी कीं आपल्या खात्याची मर्यादा त्यांनीं स्वतः ओळखली होती. खत तपासतां येतें, व्याज कापतां येतें, हप्ते बांधतां येतात. परंतु ज्येष्ठांत बियाणें पाहिजे, बैल मेला तर दुसरा पाहिजे, त्या वेळीं पैसा कोठून आणावयाचा, या प्रश्नाला कोर्टाच्या नोंदवहींत उत्तर नाहीं. म्हणून सर विल्यम वेडरबर्न यांनीं शेतकऱ्यांसाठीं पेढी काढण्याची जी योजना पुढें आणली तिला रानड्यांनीं मनःपूर्वक साह्य केलें. पुरंदर तालुक्यांत प्रथम प्रयोग करून पाहावा असें ठरत होतें. हिंदुस्थान सरकार अनुकूल झालें. पण लंडनांतील भारतमंत्र्यांनीं ती योजना नामंजूर केली. १८८३ सालीं प्रशियाच्या जमीनविषयक कायद्यांवर रानड्यांनीं लिहिलें. पुढें १८९१ सालीं, स्पेशल जज्ज असतांनाच, पुण्याच्या औद्योगिक परिषदेपुढें त्यांनीं हिंदुस्थानांतील जमिनीच्या तारणावरील पतीची पुनर्रचना या विषयावर निबंध वाचला आणि युरोपांतील निरनिराळ्या देशांनीं शेतकऱ्यासाठीं पतपेढ्या कशा उभारल्या याचा परामर्श घेतला. सहकारी पतपेढ्यांचा कायदा हिंदुस्थानांत झाला तो १९०४ सालीं, रानडे गेल्यावर तीन वर्षांनीं.

१८९३ च्या सप्टेंबरांत काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचें अकालीं निधन झालें आणि हायकोर्टांतील त्यांची जागा रानड्यांना मिळाली. पुण्यानें त्यांना मोठ्या थाटानें निरोप दिला. मुंबईच्या भव्य इमारतींत ते न्यायमूर्ति म्हणून बसले, तेव्हां त्यांच्यापुढें येणारा प्रत्येक दावा कोणीतरी पैसे खर्चून, वकील देऊन आणलेला असे. पुणें, सातारा, सोलापूर आणि नगर येथील दप्तरांत त्यांनीं जे दावे पाहिले होते, त्यांतील कुळांना मुंबई कोठें आहे हेंही नीटसें माहीत नसेल.

तो कायदा १९०५ सालीं मुंबई इलाख्याच्या इतर जिल्ह्यांनाही लागू करण्यांत आला. पुढें १९३९ सालीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा नवा कायदा झाला, १९४६ सालीं सावकारांना परवाने देण्याचा कायदा आला, आणि त्याच्या जागीं २०१४ सालीं महाराष्ट्रानें सावकारी नियमनाचा नवा कायदा केला. मुद्दलापेक्षां व्याज अधिक वसूल होऊं नये हा दामदुपटीचा नियम या नव्या कायद्यांतही आहे. सावकारीच्या व्यवहारांत बळकावलेली जमीन चौकशी करून परत देववितां येते. या कायद्याचा अंमल करणाऱ्या यंत्राचे प्रमुख म्हणजे राज्याचे सहकार आयुक्त, आणि त्यांची कचेरी पुण्यांतच आहे. परवाने, नोंदवह्या, तपासणी, अहवाल हे शब्द आजही तेच आहेत.

सुप्याच्या लोकांनीं खतें जाळलीं, कारण त्या खतांच्या मागें काय घडलें हें विचारणारा कोणी सरकारी मनुष्य त्यांना दिसत नव्हता. सहा वर्षांनीं त्याच मुलखांतून एक न्यायाधीश बैलगाडींतून दप्तर घेऊन हिंडूं लागला, आणि जळलेल्या खतांच्या जागीं जीं नवीं खतें आलीं होतीं त्यांचा मागला हिशेब विचारूं लागला. त्याला सगळीं उत्तरें मिळालीं नाहींत, सगळ्या जमिनीही वांचल्या नाहींत. परंतु दुर्बळासाठीं केलेला कायदा दुर्बळानें येऊन हांक मारण्याची वाट पाहत बसूं शकत नाहीं. त्यानें स्वतः दारापर्यंत गेलें पाहिजे, हें या खात्याच्या कारभारानें महाराष्ट्राला दाखवून दिलें. न्यायमूर्ति रानडे यांच्या नांवाशीं जोडलेल्या अनेक गोष्टींत स्पेशल जज्ज रानडे यांची ही गोष्टही जोडून ठेवावी, इतकी ती मोलाची आहे.